उजवी घोडी

गल्लीत त्याला सगळे फिटर म्हणत. बस डेपोतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी फिटर तो फिटरच. त्याच्या बायकोला मग आपोआप फिटरीणबाई हे नाव पडलं. तिने उभ्या जन्मात पान्याला हात लावला नव्हता, तरी शेजारच्या बायका गाडी कुरकुरायला लागली की तिला सल्ला विचारत आणि ती बिनदिक्कत द्यायची.

फिटर शिस्तीचा माणूस. शिस्त चांगलीच असते म्हणा, पण ज्याच्या अंगात ती मुरलेली असते त्याच्याबरोबर एक आठवडा राहून बघावं. पाने मापाप्रमाणे टांगलेले, ते ज्या फडक्याने पुसायचे ते फडकंही टांगलेलं. घराला लागून पत्र्याची शेड होती, तिथे त्याची जुनी गाडी उभी असायची. तो गाडीखाली असताना शेडमध्ये कुणी पाऊल टाकायचं नाही, हाक मारायची नाही, चहासुद्धा विचारायचा नाही, असा कायदा होता. दचकून माणूस डोकं वर करतो आणि कपाळमोक्ष करून घेतो, असं त्याचं म्हणणं. फिटरीणबाईने हा कायदा आनंदाने पाळला, कारण तेवढा वेळ घरात शांतता असायची.

गाडीखाली जाण्याची डेपोतली एक पद्धत होती. माणसं दोन लागत. एक विचारणार, दुसरा डोळ्यांनी बघून उत्तर देणार.

"ठोकळे?"

"लावले."

"घोडी?"

"लावली."

"पिन?"

"घातली."

"हलवून?"

"बघितलं."

ठोकळे चाकांना, गाडी घरंगळू नये म्हणून. घोडी म्हणजे लोखंडी तिपाई टेकू, आणि पिन म्हणजे त्या टेकूची उंची अडकवणारी खीळ. जॅक गाडी उचलतो, धरून ठेवते ती घोडी. नुसत्या जॅकवर विसंबून खाली गेलेल्या माणसांच्या हकिकती फिटर जेवायला बसल्यावरच नेमक्या सांगायचा, आणि पाहुणे अर्ध्या ताटावरून उठायचे.

घरच्या गाडीसाठी उत्तर देणारा माणूस म्हणजे त्याचा मेहुणा, फिटरीणबाईचा धाकटा भाऊ. तो वेल्डर होता, दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान होतं. फिटरच्या शेडमधल्या दोन्ही घोड्या त्यानेच जोडून दिलेल्या, लाल रंगाच्या. वर्षानुवर्षं सुट्टीच्या सकाळी दाजी विचारायचे आणि मेहुणा उत्तर द्यायचा. मग आठ महिन्यांपूर्वी एकदा तो "पिन घातली" म्हणाला आणि पिन हत्यारांच्या पेटीवर पडलेली होती. घोडी चार बोटं खाली बसली, गाडी तेवढीच दणकन खाली आली. फिटर खाली जायचाच होता, गेला नव्हता. कुणाला खरचटलंही नाही. पण फिटरचं तोंड सुटलं ते सुटलंच. मेहुण्याला त्याने शेडमधून रस्त्यावर आणलं आणि सगळी गल्ली खिडक्यांतून बघत असताना ओरडून सांगितलं, "न बघता बोलणारा माणूस मला माझ्या दारात नको!"

वेल्डर मान खाली घालून गेला. चूक त्याचीच होती, त्यामुळे त्याला भांडताही आलं नाही. तेव्हापासून फिटरीणबाई आपल्या सख्ख्या भावाला बाजारात चोरून भेटायची, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी.

फिटरची मात्र पंचाईत झाली. पद्धत तर सोडायची नाही आणि उत्तर द्यायला माणूस नाही. त्याने तोड काढली. तोच विचारायचा आणि तोच उत्तर द्यायचा, तेही आवाज थोडा बदलून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फिटरीणबाईला वाटलं, भाऊ आला. ती हात पुसत धावली आणि शेडच्या दारातून तशीच मागे फिरली.

त्या दिवशी सकाळी सायलेन्सर खडखडत होता म्हणून फिटरने गाडीची मागची बाजू उचलायला घेतली. आधी डावी बाजू जॅकवर घेतली, खाली घोडी लावली, पिन घातली, गाडी तिच्यावर बसवली. मग जॅक उजवीकडे आणला, उजवी बाजू उचलली. एवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी किती वाजले विचारलं. फिटरने अकरा वाजून गेल्याचं सांगितलं, वर सकाळी उशिरा उठणाऱ्यांबद्दल दोन शब्द ऐकवले आणि पुन्हा कामाकडे वळला.

"ठोकळे?" "लावले." "घोडी?" "लावली." "पिन?" "घातली." "हलवून?" त्याने डावीकडून गाडीला कमरेचा धक्का दिला. गाडी ढिम्म हलली नाही. "बघितलं."

पुठ्ठा पसरला, पाठीवर झोपला आणि मागच्या बाजूने आत सरकला.

सायलेन्सरची पट्टी गंजून तुटली होती. फिटर तिच्या बोल्टशी झटापट करत होता, त्यामुळे पाइप छातीला टेकला तेव्हा त्याला वाटलं आपणच वर उचललो गेलो. मग मागच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा उजव्या खांद्यावर आला. आला म्हणजे पडला नाही, हळूच येऊन टेकला. फिटरने बाहेर सरकायचा प्रयत्न केला. तेवढ्यात दांडा आणखी बोटभर खाली आला आणि खांदा, उजवा हात, बरगड्या सगळं एका जागी चेपलं गेलं.

त्याने मान उजवीकडे वळवली. तेवढीच वळत होती. जॅकमधून तेल ठिबकत होतं, एकेक थेंब, अगदी निवांत. जॅकपलीकडे भिंत होती. भिंतीशी तेलाच्या डब्याशेजारी उजवी घोडी उभी होती. बोलावणं न आलेल्या पाहुण्यासारखी.

फिटर तिच्याकडे बघतच राहिला. त्याला आधी राग आला, तो कुणाचा हे ठरवायला थोडा वेळ लागला. "लावली" कोण म्हणालं? तोच म्हणाला. पस्तीस वर्षं जी उत्तरं कानांनी ऐकली होती, ती त्याच्या जिभेने न बघता दिली. डोळ्यांनी कामच केलं नव्हतं. आणि धक्का मारला तोही डावीकडून, जिकडे घोडी होती तिकडून.

ओरडायला त्याने श्वास घेतला तर श्वास अर्ध्यावरच अडला. छाती वर यायला जागाच नव्हती. "अगं" एवढंच निघालं, ते त्याच्या स्वतःच्या कानाला जेमतेम ऐकू आलं. घरातून शिलाई मशीनचा आवाज येत होता. फिटरीणबाई पडदे शिवत होती, आणि पडद्याची शिवण लांबच लांब असते.

डावा हात कोपरापासून मोकळा होता आणि पाना हातात होता. त्याने पाइपवर ठोकायला सुरुवात केली. ठण. ठण. ठण. मशीन चालूच. सुट्टीच्या सकाळी शेडमधून ठणठण येणं ही या घरातली इतकी साधी गोष्ट होती की ती आली नसती तरच कुणी चौकशी केली असती. आणि आत यायचं नाही, हा कायदा त्यानेच केलेला.

टायर आणि जमीन यांच्यात दोन बोटं अंतर उरलं होतं. फिटरला हिशेब कळत होता, त्याचा धंदाच तो. जॅक पूर्ण बसला की टायर जमिनीला टेकणार आणि गाडी थांबणार. पण ती दोन बोटं त्याच्या छातीतून जाणार होती. डावी घोडी ताठ उभी होती म्हणून तो अजून जिवंत होता. माणसाला रडू येतं तेव्हा आधी श्वास मोठा घ्यावा लागतो, त्यामुळे रडताही येईना.

मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ठोकणं थांबवलं. पाना खाली ठेवला, गप्प पडून राहिला.

फिटर गाडीखाली गप्प राहणारा माणूस नव्हे. बोल्टला शिव्या, गंजाला शिव्या, गाडी बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या, मधूनमधून स्वतःलाच शाबासकी. थोड्या वेळाने मशीन थांबलं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा थांबलं.

"अहो?" खिडकीतून आवाज आला. "झालं का?"

त्याचा आवाज खिडकीपर्यंत पोचणारा नव्हता.

"अहो, मी आत येतेय हं. मग ओरडू नका."

ती आली, वाकून बघितलं. मग तिने जॅकचा दांडा धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला. जॅकने फुस्स केलं आणि गाडी केसभर खाली आली.

"सोड!" फिटर कळवळला. "हात... लावू नको."

तिने दांडा सोडला. डोकं जागेवर होतं. तिने आधी आपत्कालीन नंबर फिरवला, पत्ता नीट सांगितला. रुग्णवाहिका यायला अर्धा तास लागेल म्हणाले. लगेच दुसरा नंबर फिरवला.

"कुणाला?" फिटरने विचारलं.

"भावाला."

"त्याला... नको."

"गप्प बसा," फिटरीणबाई म्हणाली. असं ती तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाली असेल. फोनवर ती भावाला म्हणाली, "हे गाडीखाली अडकलेत. जॅक घेऊन ये. आत्ताच्या आत्ता." आणि फोन ठेवून गुडघ्यांवर बसली. "कसं झालं हो हे?"

इथे फिटरने जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण केलं खरं. मरणाच्या दारात पडलेला माणूस. श्वास मोजून मिळत होते. त्यातले काही त्याने यासाठी खर्च केले.

"ती घोडी... भिंतीजवळची... इथे आण," तो म्हणाला. "चाकाशी... आडवी टाक."

तिला वाटलं, सुटकेची काही युक्ती असेल. तिने जड घोडी दोन्ही हातांनी उचलून आणली आणि चाकाशी आडवी ठेवली. "अशी?"

"अशीच. घसरली... ती. म्हणून झालं."

तिने घोडीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि मान डोलावली. एवढ्या गडबडीत कोण विचार करतं? फिटरला वाटलं, निदान अब्रू वाचली.

वेल्डर धावतच आला. एका हातात बाटलीसारखा उभा जॅक, पायात घरातल्या सपाता. मागोमाग गल्लीतली चार-पाच माणसं शेडच्या दाराशी जमली. वेल्डरने खाली वाकून बघितलं. "दाजी, बोलू नका. काढतो तुम्हाला," असं म्हणून तो जॅक लावायला सरकला, आणि त्याची नजर आडव्या घोडीवर पडली.

तो जागीच थांबला. घोडी उचलून त्याने उलटीपालटी केली. "पिन तर आहे," तो पुटपुटला. मग पायांच्या जोडावरून अंगठा फिरवला. "ताई, ही घसरली?"

"हो, हेच म्हणाले."

वेल्डरचा चेहरा पांढराफटक पडला. "ही रेघ बघ. जोड सुटायला लागलाय." ती रेघ म्हणजे रंगाचा ओरखडा होता, आणखी काही नाही. पण आठ महिने जो माणूस स्वतःला दोष देत झोपला होता, त्याला ओरखड्यातही भेग दिसली. "डावीही त्याच दिवशी जोडलेली. एकाच पुडक्यातल्या वेल्डिंगच्या रॉडनी. तिचाही भरवसा नाही. मी गाडी हलवली आणि डावी गेली तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. "दुकानात लाकडाचे ओंडके आहेत. ते आणतो, दोन्हीकडे रचतो, मगच उचलतो. वीस मिनिटं, ताई. हातगाडीवरून आणावे लागतील."

आणि तो खरोखर वळला.

फिटर खालून सगळं ऐकत होता. वीस मिनिटं त्याच्यापाशी नव्हती. बरगड्यांतून मगाशीच बारीक कट् असा आवाज आला होता. वेल्डरचं बरोबर होतं, अगदी शिस्तीचं होतं. टेकूवर शंका असेल तर वजन हलवायचं नाही, हे त्याला फिटरनेच शिकवलेलं. फक्त ज्यावर शंका घ्यायची ते खोटं होतं, आणि ते फिटरने बायकोच्या हाताने तिथे मांडलं होतं.

"थांब," तो म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही. त्याने पाना शोधला आणि पाइपवर जिवाच्या आकांताने हाणला.

वेल्डर परत फिरला, जमिनीवर आडवा झाला, कान गाडीखाली घातला.

"घोडी... चांगली आहे."

"दाजी, तुम्ही बोलू नका. मी आलोच."

"चांगली आहे... तुझी घोडी." फिटरला प्रत्येक शब्दाला दम घ्यावा लागत होता. "मी... लावलीच नव्हती."

वेल्डरने मान वळवून आडव्या घोडीकडे बघितलं.

"भिंतीशी होती. लावली म्हणालो... न बघता. मग हिला... आणून टाकायला सांगितली."

फिटरला मेहुण्याचा चेहरा दिसत नव्हता, बायकोची पावलं तेवढी दिसत होती. ती पावलं एक पाऊल मागे सरकली. दांड्याचा भार त्या क्षणी त्याला जाणवलाच नाही, इतका तो त्या एका पावलाने चेपला गेला.

वेल्डर उठला. "डावी बघतो," म्हणाला, जाऊन वाकला, पिन हाताने चाचपली. त्याचा आवाज आता वेगळाच होता, कामाचा. "डावी पक्की आहे. जॅक लावतो. दाजी, विचारा."

"तूच... बघ."

"नाही. तुम्ही विचारा. मी बघून सांगतो."

फिटरने विचारलं. एकेक शब्द. ठोकळे? वेल्डर पुढच्या दोन्ही चाकांपाशी जाऊन आला, पायाने दाबून बघितले, मग म्हणाला, "लावले." जॅक वर चढला. दांडा खांद्यावरून बोटभर सुटला, मग दोन बोटं, आणि फिटरच्या छातीत हवा शिरली तशी कळ डोक्यापर्यंत गेली. घोडी? बराच वेळ उत्तर आलं नाही. लोखंड सिमेंटवरून सरकल्याचा आवाज आला. "लावली." पिन? "घातली. बघून सांगतोय." हलवून? वेल्डरने उजवीकडून धक्का दिला, मग डावीकडून, मग पुन्हा उजवीकडून. "बघितलं."

पुठ्ठ्यासकट त्याला पाय धरून बाहेर ओढलं. बाहेरच्या उजेडाने डोळे दिपले. दाराशी आता अर्धी गल्ली होती. वेल्डर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. फिटरीणबाई भिंतीला टेकून उभी होती, जिथे घोडी उभी होती तिथेच. ती जवळ आली नाही. फक्त स्वतःच्या तळहातांकडे बघत होती. घोडीच्या जुन्या रंगाची लाल भुकटी त्यांना लागली होती.

"माझ्या हाताने टाकायला लावलीत," ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण फिटरला ऐकू गेलं. "माझ्या भावावर."

रुग्णवाहिका आली. एक तरणी डॉक्टरीण आणि स्ट्रेचर धरायला दोघं. डॉक्टरणीने छाती तपासली, बरगड्या मोडल्यात म्हणाली, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवला आणि वही काढली.

"कसं झालं? जॅक घसरला?"

फिटरीणबाई बाहेर बघत होती. गल्लीतली माणसं माना पुढे करून ऐकत होती.

"घोडी घसरली," वेल्डर म्हणाला. "मीच जोडली होती. जोड कच्चा राहिला असेल."

गल्लीत कुजबुज झाली. पुन्हा हाच, असं कुणीतरी म्हणालं. वेल्डरने मान खाली घातली, आणि फिटरला आठवलं, आठ महिन्यांपूर्वी या माणसाने अशीच मान खाली घातली होती. तेव्हा निदान चूक त्याची होती. आता तो दाजींची अब्रू स्वतःच्या धंद्याने झाकत होता. ज्याचं वेल्डिंग कच्चं त्याच्याकडे उद्या कोण जाणार?

फिटर बोलला. मुखवट्याच्या आत नुसती वाफ धरली. डॉक्टरीण म्हणाली, "काका, बोलू नका," आणि स्ट्रेचर उचललं गेलं. पट्टे छातीवरून आवळलेले, हात पट्ट्यांत अडकलेले. शेडचं दार, अंगण, रस्ता. माणसं बाजूला होत होती आणि प्रत्येक तोंडावर तीच गोष्ट पक्की होत चालली होती. गाडीखाली होता त्याहून तो आता जास्त अडकला होता. तिथे निदान पाना होता.

त्याने मान जोराने हलवली. एकदा, दोनदा. मुखवटा हनुवटीवर घसरला.

"खोटं आहे!" तो ओरडला. मोडक्या बरगड्यांनी माणूस ओरडू शकत नाही असं डॉक्टर म्हणतात. फिटर ओरडला आणि त्याच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. "मी लावलीच नव्हती घोडी! याचं काही चुकलं नाही. लिहा... लिहून घ्या. लावली नव्हती आणि लावली म्हणालो. मी."

डॉक्टरणीने मुखवटा पुन्हा चढवला, पण वहीतलं एक वाक्य खोडलं, ते त्याने बघितलं. वेल्डर रस्त्यातच उभा होता. सपातेने रस्त्यावरचा खडा इकडून तिकडे ढकलत होता. मोठा बाप्या माणूस, पण डोळे पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

स्ट्रेचर आत सरकलं.

"बरोबर कोण येतंय?" डॉक्टरणीने विचारलं.

फिटरने बायकोकडे बघितलं. ती अंगणातच होती. ती येणार नाही असं त्याला वाटलं, आणि ते त्याला बरोबरच वाटलं. मग तिने घराची किल्ली भावाच्या हातात दिली. "शिलाई मशीनचा दिवा चालू राहिलाय, तो बंद कर. आणि आम्ही येईपर्यंत घरीच थांब," म्हणाली.

ती वर चढली. डोक्याशी जागा होती तिथे बसली नाही, पायाशी बसली. दार लागलं, गाडी निघाली. फिटरने मुखवट्यातून काहीतरी बोलायचा प्रयत्न केला.

"मी रागावलेय तुमच्यावर," फिटरीणबाई म्हणाली. "खूप रागावलेय. ते नंतर बोलू. आता फक्त श्वास घ्या."